शंभर मेंढरांचा लॅपटॉप

कुठलीही वस्तू खरी कशी आहे हे तिला हात लावल्याशिवाय कळत नाही, आणि तोही ती पुरती तापलेली असताना, असं मानणारा एकच माणूस मी आजवर पाहिला. तो माणूस म्हणजे माझे मामेसासरे. माझ्या नवऱ्याचे हे सख्खे मामा निमगाव केतकीला राहतात. त्यांचं घराणं मेंढरं राखणारं. वडील वर्षातले आठ महिने कळपामागे रानोमाळ फिरायचे, आणि मामाही वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत त्यांच्यामागे फिरले. मग ते साखर कारखान्याच्या बॉयलर हाऊसमध्ये लागले आणि चौतीस हंगाम तिथंच उभे राहिले. मेंढराला ताप आहे की नाही हे त्याचा कान बोटांत धरून ओळखायची विद्या वडिलांनी दिली होती. तीच त्यांनी पुढे पाइप, व्हॉल्व्ह आणि बेअरिंग यांच्यावर चालवली. निवृत्त झाल्यावर बॉयलर राहिला कारखान्यात आणि मामांचा हात मोकळा झाला. तेव्हापासून बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांतली कुठलीही गरम होऊ शकणारी वस्तू त्यांच्या हातून सुटलेली नाही.

हात म्हणजे तळहात नव्हे, हाताची मागची बाजू. मामा कशालाही आधी उलटा हात लावतात. का, असं मी लग्नानंतर लवकरच विचारलं होतं. त्यांनी सांगितलं की यंत्रात करंट उतरलेला असला तर तळहात ते यंत्र घट्ट पकडून ठेवतो आणि माणूस जातो. उलटा हात मात्र झटका बसला की आपोआप मागे येतो. हे सांगताना त्यांनी तो हात माझ्यापुढे धरला. मनगटापासून बोटांपर्यंत त्याच्यावर एक केस नव्हता. सगळे बॉयलरच्या तोंडाशी केव्हाच जळून गेले होते, आणि कातडी जुन्या चामड्यासारखी गुळगुळीत झाली होती.

या हाताशी माझी पहिली ओळख झाली ती माझ्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी. मला आदल्या दिवसापासून ताप भरला होता आणि नव्या घरात बोलायचं कुणाशी म्हणून मी तो अंगावर काढत होते. ओळीने सगळ्यांच्या पाया पडत मी मामांपर्यंत पोहोचले. त्यांनी आशीर्वाद द्यायचं सोडून माझ्या कपाळाला उलटा हात लावला, जरा वेळ डोळे मिटले आणि बायकांकडे वळून सांगितलं की सूनबाईला अंगात कणकण हाय, हिला निजवा, पूजा उद्या बी व्हईल. सत्यनारायण एका दिवसाने पुढे गेला. त्यावर काही बायका रागावल्याही होत्या. मला मात्र त्या अनोळखी घरात पहिली शांत झोप त्या दुपारी लागली.

पण उपकार झाला म्हणून माणसाचा जाच होत नाही असं थोडंच आहे? दर गुरुवारी मामा बाजाराच्या निमित्ताने एसटीने बारामतीला येतात आणि बाजारात जायच्या आधी आमच्या घराची तपासणी करतात. आमचा फ्रीज भिंतीपासून दीड हात पुढे, स्वयंपाकघराच्या जवळजवळ मधोमध उभा असतो. त्याच्या पाठीला वारा पाहिजे, ही मामांची आज्ञा. पाहुण्यांना वाटतं की आम्ही घर बदलतोय. मिक्सरमध्ये खोबरं वाटताना मी दोनदा थांबलेच पाहिजे, टीव्हीवर विणलेला रुमाल टाकायचा नाही, आणि पाण्याच्या मोटारीवर पडलेली चिंचेची पानं रोज झाडायची. ते ज्या एसटीने येतात तिचा ड्रायव्हरही यातून सुटलेला नाही. बस थांबली की मामा पुढे जाऊन इंजिनाच्या झाकणाला हात लावतात आणि घाट नसताना गाडी एवढी का तापली, याचा त्याला जाब विचारतात. कंडक्टर आता त्यांना उतरायला पुढचाच दरवाजा उघडून देतो.

वडगाव निंबाळकरला आमच्या नात्यातलं एक लग्न होतं. मांडवामागे जनरेटर चालू होता. मामांनी जाता जाता त्याला हात लावला आणि तडक भटजींकडे जाऊन, मंगलाष्टकं जरा उरकती घ्यायला सांगितली. भटजींनी त्यांच्याकडे दुर्लक्ष केलं. नवरदेवाच्या काकांनी तर हा कोण माणूस, असं मोठ्याने विचारलं. मामांनी कुणाशी वाद घातला नाही. ते मुकाट्याने दाराजवळच्या उजेडातल्या खुर्चीवर जाऊन बसले आणि मलाही तिथंच बसायला बोलावलं. चौथ्या मंगलाष्टकाच्या मध्यावर जनरेटर बंद पडला, मांडवात अंधार झाला आणि निम्म्या अक्षता भटजींच्या अंगावर पडल्या. मामांनी तेवढ्यापुरतं माझ्याकडे पाहिलं आणि खिशातून सुपारी काढली.

हे सगळं मी हसत सांगते आहे, पण त्या वर्षी मी हसण्याच्या मनःस्थितीत नव्हते. आमची एकुलती मुलगी ऋतुजा बारावीनंतर वैद्यकीय प्रवेशपरीक्षेला बसली. पहिल्यांदा मार्क कमी पडले. वर्ष थांबून दुसऱ्यांदा बसली, तेव्हा पहिल्यापेक्षाही कमी पडले. मी इथल्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. त्या परीक्षेची पुस्तकं रोज डझनाने द्यायची आणि संध्याकाळी घरी येऊन आपल्याच मुलीचं बंद दार बघायचं, असे माझे दिवस चालले होते. ऋतुजा बोलायची बंद झाली होती. विचारलं तर हो किंवा नाही एवढंच. दिवसभर पलंगावर गोधडी पसरून, तिच्यावर बापाने आणलेला एक जुना लॅपटॉप ठेवून ती त्यात डोकं घालून बसायची. दाराच्या फटीतून पंख्याची घरघर ऐकू यायची. गेम खेळते, असं तिच्या बापाने सांगितलं. मला तो लॅपटॉप सवतीसारखा वाटायला लागला होता.

अशाच एका गुरुवारी, मी रजेवर घरी असताना, मामा आले आणि घरघर ऐकून सरळ तिच्या खोलीत गेले. त्यांना कुठलंही बंद दार अडवत नाही. बॉयलर हाऊसला दार नसतंच, असं ते म्हणतात. मी मागोमाग गेले तेव्हा त्यांचा उलटा हात लॅपटॉपच्या पोटाखाली होता आणि डोळे मिटलेले होते. त्यांनी ऋतुजाला तो लगेच बंद करायला लावला. मग टेबलावर सपाट ठेवून एका बोटाने कोपरा दाबला, तर लॅपटॉप भोवऱ्यासारखा डुगडुगला. आतली बॅटरी सुजून त्याचं पोट फुगलं होतं. रोज वापरणाऱ्या ऋतुजाला ते जाणवलं नव्हतं आणि मी तर त्या यंत्राकडे कधी नीट पाहिलंच नव्हतं. मामांनी अंगणातून बांधकामाचं लोखंडी घमेलं मागवलं, त्यात कोरडी वाळू घातली, दोन्ही हातांवर तान्हं मूल न्यावं तसा लॅपटॉप नेऊन त्या वाळूत ठेवला आणि घमेलं कंपाउंडच्या भिंतीशी सरकवलं. ऋतुजा रडायला लागली. गेल्या पंधरा दिवसांचं काम त्यात आहे, असं काहीतरी ती म्हणत होती. कसलं काम, असा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. मी मामांवर वैतागले. आधीच मुलीचं मन दुखावलेलं, त्यात तुम्ही तिची वस्तू वाळूत पुरताय, असं मी त्यांना बोलूनही गेले. अंगणात खुर्ची टाकून ते घमेल्यापासून लांब बसून राहिले आणि त्या दिवशी बाजाराला गेले नाहीत.

चारच्या सुमाराला फस्स असा आवाज झाला. मी बाहेर आले तोवर घमेल्यातून पांढरा धूर निघत होता, मग ज्वाळा आली आणि भिंतीवर पुरुषभर उंच काळा पट्टा उठला. ऋतुजा माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. ती दुपारी झोपते तेव्हा तो लॅपटॉप तिच्या उशाशी चार्जिंगला असायचा, हे आम्हा दोघींनाही एकाच वेळी आठवलं असावं, कारण तिने माझा हात धरला. कित्येक महिन्यांत तिने मला हात लावला नव्हता. मामांनी धूर पूर्ण थांबेपर्यंत कुणाला पुढे जाऊ दिलं नाही, आणि मग टोपी झटकून विचारलं, आता पोरीला नवं यंत्र कधी आणायचं.

इथं मी एक कबुली दिली पाहिजे. तो लॅपटॉप जळाला याचं मला आतून बरंच वाटलं होतं. पण नको म्हणायची सोय नव्हती, म्हणून मी एक डाव टाकला. नवा लॅपटॉप मामांनी पसंत केल्याशिवाय घरात येणार नाही, असं मी जाहीर केलं. मामांना आजवर फ्रीज पसंत पडला नव्हता, मिक्सर पडला नव्हता, स्वतःचा जावई पडला नव्हता. त्यांच्या हाताला उतरेल असा लॅपटॉप कुणी बनवलेला नाही, याची मला खात्री होती. तोवर ऋतुजाचं डोकं ताळ्यावर येईल, असा माझा हिशेब.

मग दर गुरुवारी आजोबा आणि नात दुकानं पालथी घालायला लागले. ऋतुजाने त्यांना समजावलं की तिला लागतो तो साधा लॅपटॉप नव्हे, गेमिंगचा लागतो. त्याच्यात चित्रं हलवायचा वेगळा भाग असतो आणि तो फार तापतो. फार तापतो म्हटल्यावर मामांचा चेहरा उजळला, असं ती नंतर सांगत होती. पहिलं दुकान भिगवण रस्त्यावरचं. दुकानदाराने चांदीसारखा चकचकीत, बोटाएवढा जाड लॅपटॉप मोठ्या कौतुकाने पुढे ठेवला. मामांनी तो उघडला, एका कोपऱ्याला धरून तसाच उचलला आणि कानाशी नेला. दुकानदाराने खाली दोन्ही हात धरले. लॅपटॉप करकरला. मामांनी तो खाली ठेवला, अंगठ्याने कीबोर्डच्या मधोमध दाबलं, तर तिथं खळगा पडला. झाकण एका बोटाने उघडायला गेले तर खालचा भागही बरोबर उचलला गेला. शेवटी त्यांनी तो पालथा घातला आणि हा श्वास कुठून घेतो आणि सोडतो कुठं, असं विचारलं. या लॅपटॉपची गरम हवा बिजागरीतून पडद्यावरच निघत होती. सोताच्याच तोंडावर वाफ सोडतंय येडं, असा निकाल देऊन मामा उठले.

दुसऱ्या दुकानातल्या लॅपटॉपला लाल-निळे-हिरवे दिवे होते आणि ते आळीपाळीने लागत होते. वरातीचा हाय का, असं मामांनी विचारलं. बांधणी मात्र त्याची बरी निघाली. मग खरी परीक्षा आली, ती तापवून बघायची. इतर गिऱ्हाइकं अशा वेळी बंदुकीचा एखादा खेळ लावून बघतात. ऋतुजाने खिशातून पेनड्राइव्ह काढला, दुकानदाराची परवानगी घेतली आणि पडद्यावर मेंढरं सोडली.

ही मेंढरं तिने स्वतः केली होती. दोन वर्षं बंद दाराआड गेम खेळते असं आम्ही जे समजत होतो, ते हे होतं. संगणकावर लोकर करणं सगळ्यात अवघड असतं म्हणे, कारण एकेक केस वेगळा काढावा लागतो आणि मेंढरू हललं की लाखभर केस हलवावे लागतात; त्याने यंत्राचा घाम निघतो. तिने दहा मेंढरं चालवली, मग वीस, मग तीस. मामा आधी पडद्याकडे बघतच राहिले. काळी, आखूड शिंगांची, आपल्या माळावरची मेंढरं होती ती. मग भान आल्यावर त्यांनी कीबोर्डला उलटा हात लावून डोळे मिटले. चाळीस झाली तेव्हा ते म्हणाले, आता लंगडतील. खरोखरच पुढच्या मिनिटाला मेंढरं अडखळत चालायला लागली. फार तापलं की यंत्र आपणहून चाल कमी करतं, ते असं. त्या दुकानापासून आमच्या घरात लॅपटॉपचं एकच माप चालू झालं. अमका तीस मेंढरांचा, तमका पंचेचाळीस मेंढरांचा. दोन दुकानदारांनीही ते उचललं, असं मी ऐकून आहे.

यंत्राने दाखवलेल्या आकड्यांवर मामांचा भरवसा नाही. एका दुकानदाराने त्यांना चिडवायला करोनाच्या वेळी कपाळावर रोखायचे तसला पिस्तुलासारखा थर्मामीटर खणातून काढला. मामांनी सांगितलं होतं की कीबोर्ड पंचेचाळीसच्या घरात हाय. थर्मामीटर माणसाच्या तापापुरताच केलेला. त्याच्यावर आकडा आलाच नाही, नुसती दोन इंग्रजी अक्षरं आली. काय म्हणतंय ते, असं मामांनी विचारलं. दुकानदाराने वाचून दाखवलं, हाय. मामा ऋतुजाकडे वळले आणि समाधानाने म्हणाले, बघ, त्याला बी पटलंया.

असे दोन महिने गेले. दर गुरुवारी संध्याकाळी मी दारातच विचारायची, मिळाला का. न्हाय, अजून काय जमंना, असं म्हणून मामा मान हलवायचे, आणि मी खंत वाटल्यासारखं दाखवायची. दुकानं बारामतीची संपली म्हणून ते आता इंदापूरला जात होते. एका सुटीच्या दिवशी मामांचा फोन आला की सूनबाई, आज तुमी बी इंदापूरला या. मला वाटलं, एकदाचं सगळं फिसकटलं असेल आणि ऋतुजाला समजावायला बोलावताहेत. मी बस पकडून गेले.

दुकान एसटी स्टँडपासून जवळच होतं. मी पोहोचले तेव्हा मामा बाहेर पायरीवर एकटेच बसले होते. मी आत जाऊ लागले तर त्यांनी हाताने थांबवलं आणि शेजारी बसायला खूण केली. काचेतून आत दिसत होतं. ऋतुजा दुकानदाराला आणि आणखी दोन गिऱ्हाइकांना काहीतरी समजावून सांगत होती, हातवारे करत, मधेच हसत. पुढ्यात एक जाडजूड, राखाडी, अगदीच बेढब लॅपटॉप होता.

"तासभर बोलतीया," मामा म्हणाले. "तुमी ऐकलं व्हतं का तिला कदी एवढं बोलताना?"

मी नाही म्हटलं.

"मी ऐकतोय की. दोन महिनं झालं. एसटीत, दुकानात, रस्त्यानं. मेंढराचा कान कसा पडतो, चालताना खांदा कसा हलतो, समदं इचारून घेतीया माझ्याकडनं. माझा बा बी एवढं इचारत नव्हता."

मी विचारलं की मग आज हा लॅपटॉप तरी पसंत आहे का. मामांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"ह्याच जातीचा एक तर तिसऱ्याच खेपंला बारामतीत सापडला व्हता," ते म्हणाले. "शंभर मेंढरं पळवली तरी श्वास लागत न्हाय त्याला. पर एकदा घेतला की मग गुरुवारी जायचं काय निमित्तानं? पोरगी परत दार लावून बसंल, ह्याचं भ्या वाटलं मला. आता न्हाय वाटत."

म्हणजे मी त्यांच्या नकारावर विसंबून दोन महिने काढले आणि ते मला खोटा नकार देत राहिले. मला राग यायला हवा होता. मी काचेतून आत बघत राहिले. ऋतुजा आता लॅपटॉप कोपऱ्याला धरून उचलत होती, कानाशी नेत होती आणि गिऱ्हाइकांना दाखवत होती की बघा, करकर ऐकू येते का. तिची मान अगदी मामांसारखी तिरकी झाली होती.

मी आत गेले. तिने मला पाहिलं आणि तिचं बोलणं आटलं. पुन्हा ते हो किंवा नाही. मी तिला मेंढरं दाखवायला सांगितलं. तिने दाखवली. उन्हातला माळ होता, एक बाभूळ होती आणि कळप आमच्याकडे पाठ करून सावकाश चालला होता. पुढचं एक कोकरू थांबलं, त्याने मागे वळून बघितलं, कान हलवले आणि पुन्हा चालायला लागलं. मी आयुष्यभर पुस्तकांत काढलेली बाई, मला या यंत्रातलं काही कळत नाही. पण हे जिने केलं तिला काही येत नाही, असं मी दोन वर्षं धरून चालले होते, एवढं मला त्या कोकराकडे बघताना कळलं. मी तिला विचारलं की याचं शिक्षण कुठं मिळतं. ती म्हणाली, पुण्याला. मी म्हटलं, मग परवा जाऊन चौकशी करू. तिने ते कोकरू पुन्हा पहिल्यापासून चालवलं. दुकानदार सज्जन माणूस होता. त्याने उगीचच खोक्यात वायरी भरायला सुरुवात केली. मामा केव्हा आत आले ते कळलं नाही. ते दुकानाच्या इन्व्हर्टरला हात लावून उभे होते आणि ह्याच्या डोक्यावर खोकी रचू नका, असं दुकानदाराला बजावत होते.

तो लॅपटॉप इतका जड आहे की तो पाठीवर घेऊन पुण्यात चालताना ऋतुजाला मैत्रिणी हसत असत. जाड हाय पर आत मोकळा हाय, असं मामांचं मत, आणि ते तीन वर्षं खरं ठरलं आहे. मैत्रिणींचे पातळ लॅपटॉप एकेक करून दुरुस्तीला गेले. तेव्हा त्या सगळ्यांचं काम याच्यावर झालं. आता मला वाटतं की त्या दोन महिन्यांत मामांनी काही केलं नसतं, नुसता पहिला लॅपटॉप पसंत करून दिला असता, तरी मी त्यांची ऋणी राहिले असते. जे केलं त्याचे आभार कोणत्या शब्दांत मानायचे हे मला अजून सुचलेलं नाही. एकदा प्रयत्न केला होता. मामांनी मधेच उठून फ्रीज आणखी थोडा पुढे ओढला.

मागच्या वर्षी उन्हाळ्यात एका गुरुवारी मी दूध तापवून उतरवलं होतं. मामांनी बोलता बोलता पातेल्याला उलटा हात टेकवला आणि तसाच ठेवला. मी बघते तर हात निघेना. मी ओरडून तो बाजूला केला तेव्हा त्यांनी दचकून पातेल्याकडे नव्हे, माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. हातावर फोड आला होता. मी हातावर गार पाणी ओतलं. मग त्यांनी सांगितलं की साखरेच्या आजाराने बोटांची जाणीव दीड-दोन वर्षांपासून जात चालली आहे. डॉक्टर म्हणाले, हे वाढू नये म्हणून औषध आहे, गेलेलं परत येत नाही. आधी पाय बधिर झाले, मग हात. मी विचारलं की मग अजूनपर्यंत सगळ्यांना सांगत होतात ते कसं. ते म्हणाले, आवाजावरनं, वासावरनं, आणि न्हाईच जमलं तर समोरच्याच्या तोंडाकडं बघून.

"सूनबाई," ते म्हणाले, "हे कुणाला सांगू नका. पोरीला तर न्हायच."

मी शब्द दिला आणि पाळला. नवऱ्यालाही बोलले नाही.

दिवाळीला ऋतुजा घरी आली. मामा फराळाला आले होते. खोलीत टेबलावर तिचा लॅपटॉप बंद पडून होता. सकाळपासून तिने तो उघडलाही नव्हता, बाहेर थंडी होती, तेव्हा तो दगडासारखा गार असणार. मामांनी जाऊन त्याला उलटा हात लावला आणि डोळे मिटले. मी दारात उभी होते.

"तापलाय," मामा म्हणाले. "आत धूळ बसली असंल."

ऋतुजा क्षणभरही थांबली नाही. म्हणाली, हो आबा, मलाही तसंच वाटत होतं. तिने स्क्रूड्रायव्हर आणला, जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं आणि लॅपटॉप पालथा घातला. दोघं समोरासमोर मांडी घालून बसली. ती एकेक स्क्रू काढून त्यांच्या हातात ठेवत होती आणि तो बोटांना लागत नाही म्हणून ते मान वाकवून नुसते बघत होते, मोजत होते. पंख्याच्या जाळीवर खरोखरच धूळ निघाली. मामांनी माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या. ऋतुजाने ती मऊ ब्रशने झाडली, आणि पुन्हा सगळं बसवून होईस्तोवर दोघांच्या गप्पा चालू होत्या. कोकरं पहिल्यांदा उभी राहतात तेव्हा आधी मागचे पाय टाकतात की पुढचे, असं काहीतरी.

मामा पाचच्या एसटीने गेले. ऋतुजा त्यांना स्टँडवर बसवून परत आली आणि ओट्यापाशी माझ्या शेजारी उभी राहिली. तिने विचारलं की आबांच्या हातांचं मला कधीपासून माहीत आहे. मी उन्हाळ्यापासून, असं सांगितलं आणि तिला कसं कळलं ते विचारलं. ती म्हणाली, त्यांनीच सांगितलं, फोनवर, सुरुवातीलाच. वर बजावलं की आईला सांगू नकोस, ती घाबरंल. इतक्यात माझा नवरा पाणी प्यायला आत आला, आमची तोंडं बघून जागच्या जागी थांबला आणि विचारायला लागला की मामांनी तुम्हालाही सांगितलं का.

मामा अजून दर गुरुवारी येतात, फ्रीजला आणि मिक्सरला हात लावतात, डोळे मिटून निकाल देतात, आणि ते सांगतील ते आम्ही करतो. मामांच्या लेखी, दिलेला शब्द आम्ही तिघांनीही मोडलेला नाही.